दावणीची रेसकार

फक्त ट्रॅकवर पळणारी रेसकार बाजारहाटाला कामाची नाही. आपल्या सोलापूर भागात शर्यतीसाठी राखलेला खिलार बैलही तसाच. त्याला आपण नांगराला जुंपत नाही. खुराक, सराव, राखण मात्र रोजची. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली. मधल्या काळात कार झाकून ठेवता आली असती. बैलाला वैरण लागतेच! मग एवढा खर्च कशासाठी? गाडी सुटल्यावरच्या काही सेकंदांसाठी, गावात होणाऱ्या नावासाठी. पण एक लक्षात ठेवू: इंजिनाला वेदना नसतात, बैलाला असतात. म्हणून नियमांत चाबूक-काठीला मनाई आहे. ती आपण पाळली, तरच ही हौस टिकेल.