शिऱ्यात ऑलिव्ह तेल, कॉफीला फेस

सॅन्तोरिनीचे फोटो सगळ्या नातेवाइकांना दाखवून झाले की मग जिभेला ग्रीस आठवायला लागतं. बरी गोष्ट अशी की तिथल्या साध्या जेवणाचं निम्मंअधिक सामान आपल्या फडताळात असतंच.

आधी सॅलड. गावरान ग्रीक सॅलडमध्ये, म्हणजे होरिआतिकीत, लेट्यूसचं पानही नसतं. टोमॅटोच्या मोठ्या फोडी, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची अख्खी वडी. मग ओरेगानो, आणि हात न आखडता ऑलिव्ह तेल. तळाशी साचलेला रस पावाने पुसून खायचा, खरी चव तिथेच असते. गंमत म्हणजे सॉक्रेटिसने टोमॅटो कधी पाहिलाच नव्हता! टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली. युरोपात पोचायला त्याच्यानंतर दोनेक हजार वर्षं लागली.

फेट्याच्या नावावरून तर कोर्टकचेऱ्या झाल्या. 2002 साली युरोपीय संघाने हे नाव ग्रीसपुरतं राखून ठेवलं. जर्मनी आणि डेन्मार्क भांडायला गेले आणि 2005 मध्ये हरले. खऱ्या फेट्यात किमान 70 टक्के मेंढीचं दूध लागतं, उरलेलं शेळीचं, आणि तो निदान 2 महिने मुरावा लागतो. तेव्हा डब्यावरचे घटक वाचूनच घ्या. त्याच्या जागी पनीर मात्र नको. पनीरला ना तो खारटपणा, ना आंबटपणा.

त्झात्झिकीसाठी चक्का बांधा. काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळा. ही पायरी गाळलीत तर कोशिंबीर होईल. लसूण, ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर आणि बारीक चिरलेला शेपू. होय, शेपूच! भाजीत तो दिसला की नाकं मुरडणारी मंडळी इथे बोटं चाटतात.

सॅन्तोरिनीची फावा ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्याच कुळातली, लॅथिरस या वंशातली. घरी पिवळ्या वाटाण्याची डाळ चालते. मऊ शिजवून घोटायची, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. फोडणी द्यायची नाही. (हात शिवशिवतील. आवरा.)

आता कॉफी. 1957 साली थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात नेस्लेचे प्रतिनिधी दिमित्रिस वाकोन्दिओस यांना कॉफीची तल्लफ आली आणि गरम पाणी काही मिळेना. त्यांनी इन्स्टंट कॉफी गार पाण्यासकट शेकरमध्ये ओतली आणि हलवली. वर जाड फेस आला आणि फ्रापे जन्माला आला. आपल्याला शेकरही लागत नाही, झाकणाची बाटली पुरते: दोन चमचे कॉफी, हवी तेवढी साखर, जेमतेम दोन-तीन चमचे गार पाणी. फेस घट्ट होईपर्यंत हलवा, मग बर्फ आणि पाणी. दूध हवं तर शेवटी.

आणि आता माझ्या मते या सगळ्यांत सरस पदार्थ: रव्याचा हलवा. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, कडक दिवशी मासे आणि तेलही. ऑक्टोपस आणि कोळंबी मात्र चालतात, कारण त्यांना रक्त नाही असं धरतात! (आपल्या साबुदाणा-बटाट्याच्या पळवाटा यापुढे अगदीच साळसूद.) तर तूप-लोणी बाद झाल्यावर गोडाचं काय? एक-दोन-तीन-चार. एक वाटी तेल, दोन वाट्या रवा, तीन साखर, चार पाणी. ग्रीक घरांत हे प्रमाण तोंडपाठ असतं. तेलात रवा तांबूस होईस्तोवर भाजायचा. शेजारी साखर-पाणी दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून उकळायचं. उकळता पाक रव्यावर हळूहळू ओता, फार उडतो, चेहरा लांब ठेवा. घोटून घट्ट झालं की बदाम घालून साच्यात दाबा आणि गार झाल्यावर ताटात उलटा करा. साखर आपल्याला चढीच वाटेल, अर्धी वाटी कमी केलीत तरी कुणी अथेन्सहून विचारायला येत नाही. तूपही घालता येईल म्हणा. पण मग तो सत्यनारायणाला ठेवा.