थोडक्या पैशांत पावसाळी पुणे



गेल्या आषाढात माझे एक स्नेही सहकुटुंब पुण्यास आले होते. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी ते शिक्षक आहेत. वर्षभर थोडेथोडे बाजूस टाकून त्यांनी हा प्रवास आखला होता, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे त्यांची धाकटी कन्या. पाठ्यपुस्तकातील शनिवारवाड्याचे चित्र पाहिल्यापासून तिने तो प्रत्यक्ष पाहण्याचा ध्यास घेतला होता. परंतु पहिल्याच दिवशी उजाडल्यापासून झड लागली. मास्तर गांगरले आणि त्यांनी दिवसभरासाठी मोटार ठरविली. सात स्थळे झाली. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे उतरायचे, धावत आत जायचे व भिजत परत यायचे. सायंकाळी मंडळी माझ्या घरी आली तेव्हा त्या मुलीने मला निरागसपणे विचारले, "काका, त्या सातांपैकी शनिवारवाडा कोणता हो?"

मास्तरांचा चेहरा उतरला. दोन दिवसांसाठी राखून ठेवलेला पैसा एका दिवसात संपत आला होता, आणि ज्याच्यासाठी तो साठविला ते मात्र हाती लागले नव्हते. "उद्या गाडीच्या वेळेपर्यंत खोलीतच बसून राहतो झाले," असे ते म्हणाले. मी म्हटले, "मास्तर, उद्याचा दिवस मला द्या. मोटार नको, घाई नको. छत्र्या मात्र विसरू नका." त्या दुसऱ्या दिवसाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे, कारण पाऊस आणि हलका खिसा ही दोन संकटे एकदम ओढवली तरी जुने शहर उत्तम रीतीने पाहता येते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम पुण्याच्या पावसाविषयी दोन शब्द. कोकणात पाऊस कोसळतो, लोणावळ्यास तो ठाण मांडतो. पुणे मात्र सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत वसलेले आहे. घाटमाथ्यावर रिते झालेले ढग येथवर येतात ते बहुधा भुरभुर घेऊन. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्साही क्वचितच येतो. म्हणून येथे सर आली तर आडोशास उभे राहावे, ओसरली की चार पावले पुढे जावे. आणि आडोसा म्हणून एखादे लेणे, एखादा वाडा किंवा एखादे देऊळ निवडले, म्हणजे पावसात अडकलेला वेळच पाहण्याचा वेळ होतो. आमच्या त्या दिवसाची सारी युक्ती एवढीच.

सकाळी आम्ही जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वरापासून आरंभ केला. हे लेणे आठव्या शतकातील, राष्ट्रकूट काळातील. डोंगराच्या कुशीत खोदलेली लेणी आपण पुष्कळ पाहतो. येथे मात्र डोंगर नाही. सपाट जमिनीतील काळा पाषाण वरून खाली खोदीत नेऊन अंगण, मंडप व गाभारे काढले आहेत. म्हणूनच रस्त्यावरून आत जाताना आपण खाली उतरतो, आणि पाताळेश्वर हे नाव सार्थ वाटते. अंगणात नंदीचा वर्तुळाकार मंडप आहे. त्याचे दगडी छत पावसात एखाद्या अवाढव्य छत्रीसारखे दिसते, व कडेने पाण्याच्या धारा सुटतात. आम्ही आतील खांबांच्या रांगांमध्ये चांगला पाऊण तास बसलो. बाहेर पाऊस, आत थंड काळोख. काम कोठे अपुरे राहिले, छिन्नी कोठे थांबली, हे मुलांनी बोटाने चाचपून शोधून काढले. मोटारीतून उतरून दहा मिनिटांत हे दिसले नसते. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी: ओल्या पाषाणावर शेवाळ धरते, म्हणून गुळगुळीत तळाच्या वहाणा घालून येऊ नये.

तेथून नवा पूल ओलांडून शनिवारवाड्यास पायीच जाता येते. पुलावर आम्ही क्षणभर थांबलो. खाली मुठा गढूळ होऊन वाहत होती. १९६१ सालच्या जुलैच्या १२ तारखेस पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले, आणि याच नदीने काठावरच्या पेठा गिळल्या. जुन्या घरांची जोती दगडी असत, पण वरच्या भिंती पुष्कळदा मातीत रचलेल्या. पाणी चढले तशा त्या विरघळून ढासळल्या. खडकवासल्याचे पाणी तुटल्यावर शहराला पुन्हा विहिरींची आठवण झाली. धरणातून पाणी सोडले असता नदीपात्रातील सखल रस्त्यांवर आजही कोणी जाऊ नये. तेथील गंमत पुलावरूनच पाहावी.

शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालच्या जानेवारीत झाली, आणि १८२८ साली लागलेल्या आगीत आतील सागवानी इमले भस्मसात झाले. आज उभी आहे ती तटबंदी, बुरूज, दिल्ली दरवाजासारखे दरवाजे व आत नुसती जोती. उन्हाळ्यात हा ओसाड माळ वाटतो व पाहुणे निराश होतात. पावसात मात्र जोत्यांचे दगड धुऊन निघतात, दालनांच्या रेषा ठळक होतात, आणि हा चौक, ही सदर असे आखणीवरून ओळखता येऊ लागते. आदल्या दिवशी त्या मुलीस वाडा दिसला नव्हता याचे कारण तिने तो इमारत म्हणून शोधला होता. आज तिला आम्ही तो नकाशा म्हणून दाखविला. मग ती जोत्याजोत्यांवरून स्वतःच वाट काढू लागली.

आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो ते हजारी कारंज्यापाशी. कमळाच्या पाकळ्यांच्या आकाराचे हे कारंजे. "काका, तेव्हा विजेचा पंप नव्हता, मग पाणी उडायचे कसे?" असा प्रश्न मास्तरांच्या मोठ्या मुलाने केला. हा प्रश्न म्हणजे जुन्या पुण्याची किल्ली होय. शहराच्या दक्षिणेस कात्रज येथे नानासाहेब पेशव्यांनी तळी बांधविली आणि तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. नळ म्हणजे बारीक नळी नव्हे. माणूस आत शिरू शकेल असा बांधीव बोगदाच तो. कात्रज उंचावर, शहर सखल. तेव्हा पाणी आपल्या वजनानेच उतरत येई. वाटेत गाळ खाली बसण्याची सोय होती, आणि ठिकठिकाणी हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधलेले होते. उंचावरून आलेले पाणी बंद नळीत कोंडले की ते पुन्हा आपली पातळी गाठू पाहते. कारंजे उडते ते याच नियमाने. डोंगरावर पडलेला पाऊस वाड्यात कमळ होऊन उमलत असे, असे म्हटले तरी चालेल.

हेच पाणी पेठांतील हौदांत पडे व तेथून लोक घागरी भरून नेत. बदामी हौद, काळा हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अद्याप आहेत. कित्येक ठिकाणी पाणी आटले, हौदही गेला, पण नाव राहिले. तेथून पुढे आम्ही मुलांना एक खेळ लावून दिला: रस्त्याने जाताना पाट्यांवर पाण्याचे नाव कोठे सापडते ते पाहायचे. या खेळास तिकीट लागत नाही, आणि चालण्याचा कंटाळा तर मुळीच येत नाही.

दुपारी पोटाची व्यवस्था. सकाळी घरून दशम्या व चटणी बांधून घेतली होती. अमृततुल्याच्या दुकानात उभ्याने कढत चहा घेतला. ज्यांस शिदोरी नको त्यांनी पेठेतील एखादी खानावळ गाठावी. मोठ्या उपाहारगृहात एका वेळेस होणाऱ्या खर्चात खानावळीत सबंध कुटुंबाची दोन वेळची सोय होते, आणि शेजारच्या पानावर बसलेला गृहस्थ बोलका निघाला तर गल्लीबोळांची माहिती विनामूल्य मिळते.

मग बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. याच्या दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे लाकडी खांब प्रसिद्ध आहेत. जुना वाडा पावसातच का पाहावा, ते येथे उमगते. वाड्याची छपरे आतल्या चौकाकडेही उतरलेली असतात. सर आली की चारी बाजूंनी पागोळ्या गळू लागतात, पाणी चौकातल्या फरसबंदीवर पडून वाट काढते, आणि ओसरीवरचा माणूस कोरडा राहून उजेड, वारा व पाऊस तिन्ही घरात बसून अनुभवतो. उन्हात चौक ही नुसती मोकळी जागा वाटते. पावसात ते घराचे काळीज आहे हे कळते.

जवळच तुळशीबागेतील राममंदिर व त्यापलीकडे १८८६ साली उघडलेली अष्टकोनी मंडई. मंडईच्या छताखाली पावसाळी भाज्यांचे ढीग पाहण्यास काहीच मोल पडत नाही. अधिक वेळ राखून ठेवावा तो केळकर संग्रहालयासाठी. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, स्मरणार्थ आयुष्यभर हिंडून वस्तू जमविल्या व १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. येथे राजमुकुट थोडे. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, भांडी, खेळणी फार. सामान्य माणसाच्या हातातील वस्तू हा येथला इतिहास. बाहेर पाऊस कितीही पडो, येथे तीन तास सहज जातात. दिवसातील मोठेसे तिकीट आम्ही काढले ते हेच, आणि मास्तरांनी ते आनंदाने काढले.

प्रवासखर्च म्हणाल तर फारसा झालाच नाही. पाताळेश्वरापासून मंडईपर्यंत सारे पायांच्या टप्प्यात आहे. थकवा आला तर शहराच्या बसगाड्या आहेत, आणि २०२४ पासून कसबा पेठ, मंडई व स्वारगेट या स्थानकांवरून भुयारी मेट्रोही धावते. पावसाच्या जोराच्या वेळी तिचा उपयोग फार. आणखी एक दिवस हाताशी असेल त्यांनी सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे दगडी शिल्प व नागेश्वराचे जुने देऊळ पाहावे. तेथेही आडोसा व शांतता दोन्ही लाभतात.

थोडक्या खर्चात, भर पावसात पुणे पाहणे ही काही माझी शोधून काढलेली युक्ती नव्हे. दर आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येथे दोन रात्री मुक्काम करतात. डोईवर कागद घेतलेले हजारो वारकरी देवळांच्या ओवऱ्यांत, शाळांच्या पडव्यांत, घरांच्या ओसऱ्यांवर उतरतात, मिळेल ते जेवतात आणि पहाटे पुढे निघतात. पाऊस आला म्हणून कोणी मागे फिरत नाही. पाऊस यावा हीच तर घरी शेत सोडून आलेल्या त्या शेतकऱ्याची इच्छा असते. शहराने पाहुण्याला जागा द्यावी व पाहुण्याने शहराला वेळ द्यावा, हा व्यवहार तेथून शिकण्यासारखा आहे.

आणि वेळ देण्याची निकडही आहे. पेठांतील जुने वाडे दर पावसाळ्यात थोडेथोडे खचतात. कोठे टेकू लागतो, कोठे दार कायमचे बंद होते, कोठे वाडा जाऊन सदनिका उभ्या राहतात. पुढच्या वर्षी निवांतपणे पाहू म्हणून ठेवलेले पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

सायंकाळी पाऊस उघडला तेव्हा आम्ही पर्वतीच्या पायऱ्या चढत होतो. १७६१ साली पानिपतचे दुःख उरी घेऊन नानासाहेबांनी देह ठेवला तो याच टेकडीवर. माथ्यावरून धुतलेले शहर खाली पसरले होते. मास्तर थकले होते, पण मुद्रेवरील ती आदल्या दिवशीची खिन्नता गेली होती. मुलगी मात्र शहराकडे पाठ करून दक्षिणेच्या डोंगरांकडे पाहत होती. तिकडे ढग पुन्हा दाटून आले होते. ती वडिलांचा हात ओढीत म्हणाली, "बाबा, तिकडे कात्रजला पाऊस पडतोय. आपल्या शनिवारवाड्याचं पाणी!"