इन्व्हर्टर, ग्रिड-निरपेक्ष

संचायक विद्युत् घटमालेतील (बॅटरीतील) एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करून, सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या आधाराशिवाय उपकरणांना वीज पुरविणारे साधन. भारतात ते सामान्यतः २३० व्होल्ट दाबाची व ५० हर्ट्‌झ कंप्रतेची वीज देते. घटमाला बहुधा सौर पॅनेलांवर भारित केली जाते. अशा संचाची क्षमता रोजच्या भाराला पुरेल एवढीच ठेवणे परवडणारे असते. इस्तरी, पाण्याचा पंप, गीझर यांचा अधूनमधून येणारा जादा भार जेथे ग्रिड उपलब्ध आहे तेथे ग्रिडवर टाकता येतो. त्यासाठी बहुतेक इन्व्हर्टरांना ग्रिडची वीज घेणारी वेगळी अग्रे असतात.

या जोडणीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ३ किवॉ. क्षमतेच्या इन्व्हर्टरवर ४ किवॉ. भार आला, तर ३ किवॉ. घटमालेतून व उरलेला १ किवॉ. ग्रिडमधून येईल, असे मानले जाते. साध्या ग्रिड-निरपेक्ष इन्व्हर्टरमध्ये तसे घडत नाही. प्रत्यावर्ती विजेचे दोन उद्‌गम समांतर जोडावयाचे, तर त्यांचे दाब, कंप्रता व कला ही तिन्ही जुळावी लागतात. २३० व्होल्ट पुरवठ्याचे शिखरमूल्य सु. ३२५ व्होल्ट असते. दोन उद्‌गम विरुद्ध कलेत असताना जोडले गेल्यास त्यांच्यातील फरक क्षणभर ६५० व्होल्टपर्यंत जातो व उपकरण जळते. म्हणून या इन्व्हर्टरात एक रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो व तो सगळा भार एक तर इन्व्हर्टरवर किंवा ग्रिडवर ठेवतो. ही बेरीज नसून अदलाबदल असते. ग्रिडशी कला जुळवून दोन्हीकडील वीज एकत्र देणारे इन्व्हर्टर निराळे. ‘हायब्रिड’ नावाने विकली जाणारी काही यंत्रेही केवळ अदलाबदलच करतात, हे खरेदीपूर्वी माहितीपुस्तिकेतून पाहिलेले बरे.

अदलाबदल केव्हा व्हावी हे वापरणाऱ्याने ठरवून द्यावयाचे असते. प्रथम सौर, मग घटमाला व शेवटी ग्रिड असा क्रम (काही उत्पादकांच्या परिभाषेत ‘एसबीयू’) निवडल्यास घटमालेचा दाब ठरीव मूल्याखाली गेला की भार ग्रिडवर जातो. ४८ व्होल्टच्या शिसे-अम्ल घटमालेसाठी हे मूल्य ४६ व्होल्ट आणि परतीचे ५४ व्होल्ट असे ठेवतात. दोहोंतील अंतर मुद्दाम मोठे असते. ३ किवॉ. भाराला ९०% कार्यक्षमतेने सु. ७० अँपिअर प्रवाह लागतो आणि तेवढ्याने घटमालेचा दाब एक-दोन व्होल्टनी खाली बसतो. भार निघताच तो पुन्हा वर येतो. अंतर अपुरे असल्यास रिले सारखा इकडून तिकडे पडत राहतो व त्याची संपर्काग्रे जळतात. लिथियम-लोह-फॉस्फेट घटांचा दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने त्यांच्या बाबतीत दाबापेक्षा शिल्लक भाराच्या टक्केवारीवर विसंबणे अधिक योग्य ठरते.

भार क्षमतेबाहेर गेल्यास तो आपोआप ग्रिडवर जावा अशी स्वतंत्र सोयही असते. ती चालू केली नसेल, तर इन्व्हर्टर काही सेकंदांत बंद पडतो. ही सोय आणीबाणीपुरती समजावी. चलित्र सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते आणि तो धक्का प्रथम इन्व्हर्टरलाच बसतो. पंपासारखा भार ग्रिडच्या स्वतंत्र मंडलावर घेणे हाच खात्रीचा मार्ग होय. अदलाबदलीस १० ते २० मिलिसेकंद लागतात. संगणकासाठी यांतील कमी कालावधीचा पर्याय निवडतात.

ग्रिडवर गेलेला भार रिलेच्या क्षमतेने मर्यादित होतो, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. रिले व तारा ३० अँपिअरच्या असल्या आणि घरचा ४ किवॉ. भार १७ अँपिअर घेत असला, तर वरकरणी पुष्कळ वाव दिसतो. परंतु त्याच वेळी ग्रिडवरून घटमाला ५४ व्होल्टला ६० अँपिअरने भारित होत असेल, तर तेथे आणखी सु. १६ अँपिअर लागतात व बेरीज ३३ वर जाते. म्हणून ग्रिडवरून भारित करण्याचा प्रवाह कमी ठेवतात किंवा घटमाला केवळ सौर विजेवर भारित होईल असे ठरवितात. यामुळे रात्रीच घटमाला भरून सकाळचे ऊन वाया जाणेही टळते.

जोडणीतील सर्वांत गंभीर धोका उलट पुरवठ्याचा आहे. इन्व्हर्टरचे निर्गम अग्र व ग्रिडची तार हातचलाखीने, उदा., दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीने, एकत्र केल्यास खंडित झालेल्या वाहिनीत घरातून वीज शिरते. वितरण रोहित्र उलट दिशेने काम करून ४३३ व्होल्टचे ११,००० व्होल्ट करू शकते. पुष्कळदा बाहेरचा भार मोठा असल्याने इन्व्हर्टर लगेच कोलमडतो. पण दुरुस्तीसाठी वाहिनीचा लहानसा भाग वेगळा काढलेला असेल, तर तो कोलमडत नाही आणि खांबावर चढलेल्या तारतंत्रीच्या जिवावर बेतते. इन्व्हर्टरची न्यूट्रल तारही घरातील इतर मंडलांच्या न्यूट्रलशी जोडू नये. तशी जोडल्यास गळती प्रवाह ओळखणारा खंडक विनाकारण तुटतो व कंटाळून तो काढून टाकण्याचा मोह होतो.

महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात, विशेषतः २००५ नंतरच्या काही वर्षांत, घरोघरी बसविलेल्या इन्व्हर्टरांचा क्रम याच्या नेमका उलट होता : आधी ग्रिड आणि ती गेल्यावर घटमाला. असे जुने यंत्र केवळ सौर पॅनेल जोडून वर वर्णिलेल्या पद्धतीने चालत नाही. त्यासाठी सौर भारण-नियंत्रक आणि क्रम बदलणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागते.