कमान वर की खाली? नोटेशनमधल्या वक्र रेषांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

समजा, केममध्ये बसून कुणी गाणं शिकतंय आणि सरांचं नोटेशन व्हॉट्सअॅपवर येतंय. सर समोर नाहीत. म्हणजे कागदावरची रेष सांगेल तसंच गळ्यातून येणार. म्हणून या रेषा नीट काढायला हव्यात.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत दोन कमानी असतात. स्वरांच्या वर कमान असेल तर मींड: ‘प’वरून ‘ग’वर न तुटता घसरत यायचं. स्वरांच्या खाली चंद्रकोर असेल तर ते सगळे स्वर एकाच मात्रेत. म्हणजे कमान वरची खाली केली की अर्थच बदलला!

पाश्चात्त्य स्टाफवर तसं नाही. तिथे स्लर वर असो वा खाली, अर्थ तोच. म्हणून म्यूझस्कोरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स’ दाबून स्लर बिनधास्त उलटा करता येतो. ती सवय भातखंडे लिपीत आणू नका.

आता आकार. स्लर निवडला की त्यावर छोटे चौकोन दिसतात. आत बेझिए वक्र असतो. पिएर बेझिए हे रेनो कंपनीतले इंजिनिअर. मोटारींचे आकार काढण्यासाठी त्यांनी १९६०च्या दशकात हे गणित वापरात आणलं. दोन बिंदू टोकांचे, दोन मधले. रेष मधल्या बिंदूंमधून जात नाही, फक्त त्यांच्याकडे ओढली जाते. दोन्ही सारखे वर नेले की कमान सारखी फुगते. एकच नेला की एका बाजूला कलते.

टोकांचं मात्र वेगळं. माउसने टोक ओढलं तर फक्त चित्र सरकतं, स्लर जुन्याच स्वराला बांधलेला राहतो. शेवटचा स्वर बदलायचा असेल तर टोक निवडून शिफ्ट आणि बाणाची कळ वापरा.

भातखंडे लिपी वर्डमध्ये लिहून कमान वेगळं चित्र म्हणून टाकत असाल, तर जास्त जपा. अक्षर मोठं केलं की स्वर पुढे जातात, कमान मागे राहू शकते. शिवाय तार सप्तकाचा ठिंबा आणि तीव्र ‘म’ची उभी रेघ वर असते, मंद्राचा ठिंबा आणि कोमल स्वराची आडवी रेघ खाली. कमान त्यांना चिकटली तर वाचणारा अडखळतो. थोडी जागा सोडा.

पाठवण्याआधी पीडीएफ करा, मोबाइलवर उघडा आणि फक्त रेषा बघून एकदा गाऊन बघा. भेटू पुढच्या भागात!