आधारसामग्री-संयोजन

निरनिराळ्या स्रोतांकडून मिळालेल्या कोष्टकांतील एकाच घटकाविषयीच्या नोंदी संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने एकत्र जोडण्याच्या क्रियेस आधारसामग्री-संयोजन म्हणतात. ज्या समान रकान्यावरून नोंदी जुळवितात त्यास किल्ली असे नाव आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानामुळे या क्रियेस निश्चित गणिती रूप लाभले.

आज्ञावली लिहिणे तुलनेने सोपे असते. खरी अडचण किल्ली निवडताना येते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांवरून हे स्पष्ट होईल. ‘रोहा’ व ‘रोहे’ ही दोन्ही रूपे प्रचारात असून नगरपरिषदेचे नाव ‘रोहा अष्टमी’ असे आहे. संगणक अक्षरशः जुळणी करीत असल्याने एकाच तालुक्याच्या नोंदी विलग राहतात. याउलट, पेण हे शहराचे व तालुक्याचेही नाव असल्याने शहराचे आकडे तालुक्यास चिकटू शकतात. ही चूक अधिक घातक, कारण ती सहसा दिसून येत नाही. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड झाले. त्यामुळे १९७१ च्या जनगणनेत ‘रायगड’ सापडत नाही. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी कोष्टकांत तर या जिल्ह्याचे व छत्तीसगढमधील रायगढचे नाव एकाच वर्णलेखनाने आले आहे.

म्हणून नावाऐवजी संकेतांक वापरतात. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांचे संकेतांक अनुक्रमे ५२० व ४०३ होते. तथापि संकेतांकही कायम नसतात : २००१ मध्ये जिल्ह्यांचे क्रमांक राज्यागणिक दिलेले असल्याने रायगडचा क्रमांक २४ होता. अशा वेळी जुन्या-नव्या संकेतांकांचे मेळ-कोष्टक आधी तयार करावे लागते.

कोष्टकांची पातळी भिन्न असल्यासही घोटाळा होतो. तालुक्याचे पर्जन्यमान गाववार यादीस जोडले, तर तोच आकडा प्रत्येक गावापुढे येतो. त्याची बेरीज निरर्थक ठरते.

पेण तालुक्यातील खारभूमीत बांध फुटल्यास भरतीचे पाणी शेतांत शिरते. नुकसानीची यादी महसुली गावयादीस जोडताना केवळ जुळलेल्या नोंदी राखल्यास, निराळ्या रूपात लिहिलेले गाव नकळत गळते व तेथील शेतकरी मदतीस मुकू शकतात. यासाठी नुकसानीच्या यादीतील सर्व नोंदी राखणारे संयोजन वापरून न जुळलेली गावे वेगळी काढतात आणि ती महसुली दप्तराशी एकेक करून ताडतात.