काचेच्या पेटीतला ‘दुष्ट’ मासा

आजचं उदाहरण आपल्या हिंगोलीतल्याच एका घरातलं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण त्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे. यंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ कालवायचं, की झाला समुद्र!

टाकीत पहिला आला बोटभर लांबीचा निळा डॅमसेल. हा मासा स्वस्त नि चिवट, म्हणून नवे शौकीन आधी तोच आणतात. पुढे नारंगी क्लाऊनफिश आणला, तर या निळ्याने त्याची शेपटी कुरतडली. घरच्यांनी जाळी घेतली. तासभर पाठलाग झाला, दगड कोसळले, बाकीचे मासे धास्तावले आणि निळे साहेब कपारीत सुरक्षित! शेवटी आम्हाला विचारलं, “सर, एवढा दुष्ट कसा हो हा?”

कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९६३ साली आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ ‘तथाकथित दुष्टपणा’. त्याची सुरुवातच प्रवाळातल्या माशांपासून होते. मुद्दा साधा आहे. मासा आपली हद्द राखतो. समुद्रात हरलेला मासा हद्दीबाहेर पळतो आणि भांडण तिथंच संपतं. टाकीत पळायला जागाच नसते. म्हणजे भांडण माशाचं, पण त्याचा जीवघेणेपणा आपल्या काचेचा.

मग काय, सोसायचं? नाही. मार खाणाऱ्या माशाला वाचवायलाच हवं. पण धरायचं ते त्याचा स्वभाव ओळखून. पाण्याची स्वच्छ प्लास्टिक बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा. उरलेल्या भागाला भोकं पाडा, नायलॉनचा दोरा बांधा आणि ती दगडांजवळ आडवी ठेवा. धातूची तार नको, खाऱ्या पाण्यात गंजते. तीन-चार दिवस त्याचं खाणं त्या बाटलीतच टाका. तो निर्धास्त आत-बाहेर करू लागला, की कापलेला भाग तोंड आत करून उलटा बसवा. त्याचं तोंड मासा जाईल एवढं रुंद हवं. आत शिरलेल्या माशाला सहसा परतीची वाट सापडत नाही. मग दोरा हलकेच ओढा.

इथं आम्ही जरा अडखळतो. आधी विश्वास कमवायचा आणि मग त्याच विश्वासाने पकडायचं, हे फसवणंच झालं. पण जाळीच्या पाठलागात सगळ्यांचेच हाल होतात. दोन वाइटांतलं कमी वाईट निवडलं, तरी ते वाईटच होतं एवढं लक्षात असू द्यावं.

धरल्यावर ‘सोडा कयाधूत’ असं कुणी म्हणेल. तसं करू नका. समुद्री माशाचं शरीर पाणी धरून मीठ बाहेर टाकायला घडलेलं असतं. गोड्या पाण्यात उलट पाणीच आत घुसतं आणि तो मरतो. त्याला दुकानदाराकडे परत द्या, नाहीतर मोठ्या खाऱ्या टाकीत जागा शोधा.

आणि नवा मासा आणण्याआधी दगडांची मांडणी बदला. जुन्या हद्दी पुसल्या जातात, सगळेच नव्याने घर शोधतात. दुष्ट कोण, हे ठरवण्याआधी आपणही एकदा आपली मांडणी तपासावी. माणसांच्या घरांनाही हे लागू आहे, पण ते पुढच्या वेळी.