वाढत्या अंगाची सायकल

शहापूरच्या बाजारात किंवा मुरबाडला सायकलच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती नंबरची दाखवू?" गिऱ्हाईकही ठरवूनच आलेलं असतं. "सव्वीसची." सहावीतल्या पोरासाठी आलेला बाप वर पुस्ती जोडतो, "जरा मोठीच द्या, वाढत्या अंगाची." शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा घेतला तर बाही दुमडता येते. सायकलचा दांडा दुमडता येत नाही, आणि तो पोरगा पुढची दोन वर्षं सीटवर नीट न टेकता, कंबर डावी-उजवीकडे टाकत पायडल मारतो.

मुळात तो नंबर चाकाचा. माप बघायचं असतं फ्रेमचं, म्हणजे दोन्ही पायडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतच्या लांबीचं. सव्वीसच्या चाकावर चौदा इंची फ्रेम मिळते, तशी अठरा इंचीही मिळते. दोन्ही सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या तर लांबून सारख्याच दिसतात, पण पाच फुटी मुलीसाठी त्यातली एकच कामाची. जुन्या काळ्या सायकलींना हा प्रश्नच नव्हता. बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम आणि अठ्ठावीसची चाकं, म्हणजे आडवा दांडा जमिनीपासून तीस इंचांच्याही वर. घरात तेवढी एकच सायकल असायची. आजोबा ती सीटवर बसून चालवत आणि नातू दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारी. शिकायला ते ठीक होतं. रोज पाच किलोमीटर शाळेला जायला नव्हे.

उंचीवरून अंदाज येतो, पण खरं माप पायाचं. सारख्याच उंचीच्या दोन बहिणींत एकीचे पाय लांब असतात, दुसरीचं धड. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पावलांत वीतभर अंतर ठेवायचं. जाडसर वही दोन पायांमध्ये घेऊन सीटवर बसल्यासारखी वर घट्ट दाबायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. समजा माप ७० सेंटिमीटर आलं. जाड टायरच्या, खडबडीत रस्त्यासाठीच्या सायकलसाठी या मापाला ०.२२५ ने गुणायचं. साधारण पावणेसोळा येतात, म्हणजे पंधरा-सोळा इंची फ्रेम. वाकलेल्या हँडलच्या रोडबाइकला ०.६७ ने गुणायचं आणि उत्तर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं. ४७ च्या आसपास. हे आकडे सुरुवातीपुरते, कारण प्रत्येक कंपनीची फ्रेम थोडी वेगळी असते. दांड्याची सायकल असेल तर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून उभं राहिल्यावर दांडा आणि अंग यांत दोन-तीन बोटं तरी जागा राहिली पाहिजे, कच्च्या रस्त्यासाठी त्याहून जास्त. दांडा नसलेल्या लेडीज सायकलला ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे सीटची उंची आणि हँडलचं अंतर बघायचं.

सीटची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्यामुळे ०.८८३ हा आकडा जगभर पोहोचला. पायाच्या मापाला या आकड्याने गुणलं की त्याच मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. ७० सेंटिमीटरला ते जवळजवळ ६२ होतं. गुणाकाराचा कंटाळा असेल तर सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना तो आपोआप हवा तेवढा वाकतो.

आपल्याकडे मात्र दोन्ही पाय सपाट टेकतील इतकी सीट खाली घेतात. पडायची भीती असते, आणि पावसाळ्यात चिखलातून जाताना ती खोटीही नाही. नवशिक्याने महिनाभर तशी चालवावी. पण वर्षानुवर्षं बुटक्या सीटवर गुडघे छातीकडे घेऊन चालवणाऱ्याला चढ लागला की गुडघ्याची वाटी दुखायला लागते, आणि तो सायकललाच नावं ठेवतो. सीट वर घेताना नळीवरची मर्यादेची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर आली तर फ्रेम लहान आहे असं समजावं.

आता सायकल कशासाठी हवी? किन्हवली-सरळगाव रस्त्यावर शाळेला जाणाऱ्या मुलीला सरळ बसता येईल असं उंच हँडल, चेनवर झाकण आणि दप्तरासाठी कॅरिअर लागतं. झाकण नसेल तर ओढणी चेनमध्ये जातेच. दुधाच्या किटल्या लटकवणाऱ्याला अजूनही जुनी काळी सायकलच बरी, कारण तिची लांब, जड फ्रेम ओझ्याखाली हलत नाही. डोळखांबकडच्या कच्च्या वाटांना जाड टायर हवेत. टोकावड्याच्या पुढे माळशेजचा चढ किंवा कसारा घाट चढायचा तर गिअर हवेत. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर घाटासाठी आणि कच्च्या रस्त्यासाठी लहान माप घ्यावं. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. तसलं काही वाचून रोडबाइकचा मोह पडणं समजण्यासारखं आहे. पण त्या सायकलवर पुढे झुकून बसावं लागतं. हँडल धरल्यावर कोपर ताठ राहत असतील तर ती तुमच्यासाठी लांब आहे, मग किंमत काहीही असो.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. २०२२ मध्ये ती ३५०० वरून ५००० रुपये झाली. पैसे मुलीच्या खात्यात येतात, त्यामुळे सायकल निवडायची मोकळीक घरच्यांना असते. तरी खरेदीला बहुतेकदा बाप किंवा काका एकटाच जातो आणि 'सव्वीसची' बांधून आणतो. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. सायकल मे महिन्यातच घ्या, आणि दुकानात जिला ती चालवायची आहे तिला सोबत न्या. पैसे मोजण्याआधी तिला रस्त्यावर एक चक्कर मारू द्या.